जांभळ्या अक्षरांची वेबसाइट

चष्म्याच्या दुकानात ताई दिवसभर एकच प्रश्न विचारते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, नाकावर ती जड फ्रेम चढली, की ती एक काच घालते, काढते, दुसरी घालते आणि विचारते, हे स्पष्ट की ते? लोक परीक्षेला बसल्यासारखे गडबडतात. ताई घाई करत नाही. दुकानाचे मालक म्हणतात, हिच्या हातून गेलेला चष्मा परत येत नाही. आणि हीच बाई घरी अशी एक वेबसाइट सांभाळून होती, जी धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही वाचता येऊ नये. काळ्याकुट्ट पानावर जांभळी अक्षरं, तीही मुंगीएवढी. आता काय बोलायचं!

वेबसाइट तिच्या धाकट्या भावाची. कॉलेजात असताना त्याला एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेनं झपाटलं. समुद्राखालच्या शहरात घड्याळं दुरुस्त करणारी एक पोरगी, तिची खाष्ट मावशी आणि दर भागात बंद पडणारं कुणाचं तरी घड्याळ. घरात कुणाला त्यात काडीचा रस नव्हता. घोड्याएवढा झाला तरी कार्टून बघतो, म्हणून आई त्याला येता-जाता टोमणे मारायची. त्यानं मनावर घेतलं नाही. प्रत्येक भागाची गोष्ट तो आपल्या भाषेत लिहून काढायचा, शेजारी पात्रांची ओळख द्यायचा, कोपऱ्यात हातानं बुडबुडे काढायचा. त्या काळी आपली अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर धड दिसत नसत, नुसते चौकोन उमटायचे. मग या पठ्ठ्यानं अख्खं पानच चित्र करून चढवलं. ते सगळीकडे दिसायचं खरं, पण मोठं करायला गेलं की अक्षरं फुटून त्यांचा नुसता चिखल व्हायचा.

मग तो गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. सगळ्या भागांची पानं झाली होती, शेवटच्याचं तेवढं राहिलं. तिथे त्यानं एक ओळ टाकून ठेवली होती: शेवटचा भाग रविवारी.

ताईनं वेबसाइट बंद पडू दिली नाही. इंटरनेटवरची जुनी जागा बंद झाली तेव्हा एकेक चित्र उचलून तिनं नव्या जागी जसंच्या तसं लावलं. मालिकेचे जुने वेडे अजून यायचे, निरोप ठेवायचे. अहो, आम्ही आता म्हातारे झालो, अक्षरं तेवढी मोठी करा, अशी विनवणी करायचे. ताई नाही म्हणायची. एकाला तर तिनं चक्क कळवलं, की डोळ्यांचा नंबर तपासून घ्या. भावानं काढलेला बुडबुडा इकडचा तिकडे करायची तिची छाती नव्हती. त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

अशात आईला खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. हे चष्म्याचं काम नव्हे हे ताईला तिथेच कळलं. डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याचा पडदा मधोमध झिजत चालला होता. कडेचं दिसत राहील, वाचणं मात्र जाईल, आणि तेही लवकरच, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर आईनं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, कपाटात लावल्या. मग म्हणाली, की धाकट्यानं ते कार्टूनचं काय काय लिहिलंय, ते तिला वाचायचंय.

ताईनं लगेच खुर्ची ओढली. अक्षरं बारीक आहेत, मीच वाचून दाखवते, म्हणाली.

"नको," आई म्हणाली. "तू वाचलंस की मला तू ऐकू येतेस. मला तो पाहिजे."

मग आईनं विचारलं, निदान काय लिहिलंय ते तरी सांग. आणि ताईला सांगता येईना. खरं म्हणजे तिनं ते कधी वाचलंच नव्हतं. तो गेल्यावर एकदा दोन ओळी वाचल्या होत्या, पान बंद केलं होतं, आणि त्यानंतर ती फक्त चित्रं नीट दिसतात ना एवढंच बघत आली होती.

आई रागावली असती तर परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं नुसतं कुलूप पुसत बसलीस गं."

ते शब्द ताईला झोंबले. दुसऱ्या दिवसापासून दुकानात जायच्या आधी ती टायपिंगला बसू लागली. दुकानातलं भिंग आणलं होतं, ते स्क्रीनला लावायचं, एक ओळ वाचायची, ती टाइप करायची. वाचल्याशिवाय आता सुटकाच नव्हती. पहिल्या पानाला ती रडली. पुढे पुढे मात्र एकटीच खुदकन हसू लागली. पोरगं काय चावट होतं!

पानं तयार झाली तसं तिनं आईला स्क्रीनसमोर बसवलं. अक्षर थोडं वाढवलं, रंग बदलला, आणि सवयीनं विचारलं, हे स्पष्ट की ते? आईनं मान तिरकी करून कडेनं बघितलं. जांभळी अक्षरं गेली, बुडबुडे गेले, काळं पान गेलं. शेवटी पांढऱ्यावर काळी, बोटभर उंचीची अक्षरं उरली. भावाचं त्यात काहीच दिसत नव्हतं. ताईला वाटलं, घालवलं मी सगळं.

आई एकेक शब्द जोडत वाचू लागली. मावशीच्या ओळखीपाशी ती अडली, मागे गेली, पुन्हा वाचलं. लिहिलं होतं, 'ही बाई ओरडायला लागली की खुशाल समजावं, ताट वाढलेलं आहे.'

"हे माझ्यावरच लिहिलंय गधड्यानं," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत हसत राहिली.

रोज थोडं थोडं करत ती त्या शेवटच्या ओळीपर्यंत आली. ही ओळ काढू का, असं ताईनं हळूच विचारलं. आईनं मानेनंच नको म्हटलं. रविवारी म्हणालाय ना, मग रविवारी बघू, म्हणाली.

रविवारी दोघींनी तो भाग लावला. आई कडेकडेनं बघत होती आणि मधलं ताई सांगत होती. त्यात शहरातली सगळी घड्याळं एकदम थांबतात आणि ती पोरगी मावशीचंच आधी दुरुस्त करते. त्या आठवड्यात ताईनं शेवटचं पान लिहिलं. भावासारखं व्हावं म्हणून मध्ये दोन-तीन टवाळ वाक्यं घुसडली, आणि काही न सांगता आईसमोर ठेवलं.

आईला आता एका ओळीलाही वेळ लागत होता. चार ओळी झाल्यावर ती थांबली.

"हे तुझं आहे."

ताई ओशाळली. तुला त्याचं वाचायचं होतं, हे ठेवून देते, म्हणत तिनं हात पुढे केला. आईनं तो धरला.

"राहू दे. दिसतंय तोवर तुझंही वाचून घेते."

मग तिनं खुर्ची जरा पुढे सरकवली, मान तिरकी केली आणि पाचवी ओळ शोधू लागली.