वाकडोबाची नस

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकेका कामाला इतका वेळ घेतो, की तोवर किस्से आपोआप साचतात. अंबरनाथला, मोरिवलीजवळ, दोन खोल्यांत आम्ही तिघं: पाटकर सर, म्हात्रे आणि मी. पेशंटच्या स्कॅनवरून मेंदूतली नस स्क्रीनवर उभी करायची, तिच्यात खोटी गुठळी अडकवायची आणि बारीक तारेच्या जाळीने ओढून काढायची. नस सरळ असली की गुठळी निमूट येते. वळण आलं की जाळी ताणली जाऊन चपटी होते आणि गुठळी सटकते. यात खराखुरा माणूस कुठेच नसतो, हे लोकांना पटवणं वेगळंच काम!

*

म्हात्रे वांगणीला मुलगी बघायला गेला. मुलीच्या काकांनी विचारलं, "काय काम करता तुमी?"

"मेंदूतल्या गुठळ्या काढतो."

सगळे सावरून बसले. आजीने पदर सारखा केला. "म्हंजे डॉक्टरच की! या हप्त्यात किती काढल्या?"

"दोन निघाल्या. बाकी सगळ्या फसल्या."

काकांच्या हातातली पोह्यांची बशी हवेतच थांबली. "मंग... त्या मानसांचं काय झालं?"

"काही नाही, परत पहिल्यापासून चालू केलं!"

'कॉम्प्युटरवर' हा शब्द त्याला परतताना बदलापूर गेल्यावर आठवला. तोवर स्थळ मोडलं होतं.

*

पूर्वी आमचं ऑफिस उल्हासनगर कॅम्प पाचला, लच्छूशेठच्या दुकानावर होतं. सोडताना लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. म्हात्रे ओरडला, "ओढू नका! वळणावर ओढलं की सटकतं!" झालं, तो आणि सर पायरीवर बसून वळणाचा कोन काढायला लागले. खाली लच्छूशेठचं गिऱ्हाईक ताटकळलेलं.

"साईं," लच्छूशेठ हात जोडून म्हणाले, "दिमाग की नस बाद में खोलना, पहले मेरा जीना खोलो!"

कपाट शेवटी वरच राहिलं. लच्छूशेठ आता त्यात कापड ठेवतात.

*

मी तरी कुठे शहाणी! घरी बेसिनखाली प्लंबर वळणाचा पाईप लावत होता. मी म्हटलं, "एवढं वळण? इथे हमखास अडकणार. सरळ लावा!" तो "तुमची मर्जी" म्हणून सरळ लावून गेला. वळणात साचणारं पाणीच वास अडवतं म्हणे; रात्रीपर्यंत गटाराचा वास घरभर. नवरा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "तुमच्या नसांना वास येत नाही वाटतं!"

*

आता वाकडोबा. स्कॅन आमच्याकडे नावाशिवाय येतात, म्हणून टोपणनावं आम्हीच ठेवतो. हा स्कॅन सरांनी स्वतः पेनड्राइव्हवर आणला. "ओळखीतला आहे," एवढंच म्हणाले. नसेला एकाला लागून दुसरं, अशी दोन वळणं. म्हात्रे म्हणाला, "हा वाकडोबा! सर, याला देवाने घाईत बनवलंय!" आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

शुक्रवारी मुंबईचे डॉक्टर बघायला येणार होते. वाकड्या नसेतून गुठळी काढून दाखवली तरच पुढचं काम, नाहीतर ऑफिसला कुलूप. आणि गुठळी रोज दुसऱ्या वळणावर सटकत होती. मंगळवारी मी वैतागून म्हटलं, "या वाकडोबाला कधी खरंच काही झालं, तर कठीण आहे बाबा!"

दुसऱ्या दिवशी सरांनी डब्यातलं लोणचं म्हात्रेला देऊन टाकलं. पापडही दिला. गुरुवारी तर रिक्षा सोडून स्टेशनपासून चालत आले. आम्हाला वाटलं, प्रोजेक्टचं टेन्शन.

त्याच दुपारी आम्ही पद्धत बदलली. नुसती जाळी ओढायची नाही. शोषून घेणारी नळी वळणं पार करून गुठळीपर्यंत न्यायची आणि दोन्ही मिळून हळूहळू मागे घ्यायचं. तिघंही श्वास रोखून बघत होतो. एक वळण गेलं. दुसरं गेलं. गुठळी बाहेर! म्हात्रे खुर्चीवर चढून ओरडला, "वाकडोबा वाचला रे!"

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि वहिनींना फोन लावला.

"अगं, निघाली! हो, माझ्या दोन्ही वळणांतून. उद्या डब्यात लोणचं दे. आणि हे बघ, म्हात्रेला देणार नाहीये!"