मरणाला वन्समोअर

कला जगण्याची नक्कल करते की जगणं कलेची, यावर कुणी निवांत बोलायला लागलं की मला बसवतच नाही. उठते आणि येरझाऱ्या घालते. अहो, माझा भाऊ आमच्या लालबागच्या चाळीत टाळ्या घेत मेलाय, मला काय सांगता!

संयुक्त महाराष्ट्रासाठी पहिला गोळीबार झाला, त्यानंतरची ती दत्तजयंती. चाळीतल्या पोरांनी चौकात बाकडी जोडून नाटुकलं केलं. दादा त्यात हुतात्मा. गोळी लागल्यावर त्याने गिरकी घेतली, छातीवर हात ठेवला, दणकून घोषणा दिली आणि मग कुठे सावकाश आडवा झाला. काय त्या शिट्ट्या! गाण्याला देतात तसा लोकांनी त्याच्या मरणाला वन्समोअर दिला, आणि हा शहाणा उठून पुन्हा मेला. आई ताडकन उठली. "जित्या माणसान मेल्याचा सोंग घेवचा नाय," म्हणाली आणि खोलीत जाऊन बसली.

जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या. दादा सकाळीच मोर्च्याला गेलेला. माझा जीव टांगणीला. कठड्यावरून वाकून रस्ता बघायचा, आत यायचं, पुन्हा बाहेर. डोळे मिटले की तो बाकड्यावर पडलेला दिसायचा. आई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. मला किंचाळावंसं वाटत होतं.

दिवेलागणीला तो आला. सदऱ्यावर रक्त होतं, पण त्याचं नव्हे. आईने त्याला डोक्यापासून चाचपून पाहिलं आणि हमसाहमशी रडली. तो एवढंच म्हणाला, "माझ्या शेजारचा माणूस ओरडलासुद्धा नाही गं. चप्पल शोधल्यासारखा खाली बसला नि कलंडला. मी म्हटलं, अरे ऊठ."

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीने तेच नाटुकलं पुन्हा लावलं. "तुझ्यासारखं मरणं कुणाला जमत नाय रे!" म्हणत पोरांनी दादाला गळ घातली. नको नको म्हणता म्हणता तो तयार झाला. "मी फुडे बसतंय," आई म्हणाली. गोळीबाराच्या त्या दिवसापासून त्याला नजरेआड करायची तिची तयारीच नसायची.

विंगेत गोळीचा फटाका वाजला. दादाने गिरकी घेतली नाही, घोषणा दिली नाही. तो खाली बसला, हाताने काहीतरी चाचपडलं आणि कलंडला. लोक घोषणेची वाट बघत राहिले. मग कुणीतरी हसलं, "अरे, घोषणा विसरलास काय?" दादा हलेना. मी आईचा हात धरला.

आईने माझा हात झिडकारला. लुगडं सावरत ती बाकड्यांवर चढली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाल थोपटत ओरडायला लागली, "ऊठ रे झिला! ऊठ रे माझ्या झिला!" दादाने डोळे उघडले, तिच्या पदरात तोंड खुपसलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ढसाढसा रडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "वन्समोअर!"