त्या चार दिवसांतलं वजन

वजनाचा काटा मी तिच्याकडे पायानं ढकलायचो. हातानं उचलून देत नसे. हे आधीच लिहून टाकतो, कारण मागून लिहायला बसलो तर त्याला काहीतरी कारण जोडेन आणि ते कारण मलाच पटायला लागेल.

ती म्हणजे माझी बायको. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. इतवारीच्या बाजारात माझं ठोक धान्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिघं राहतो. ती, मी आणि माझी आई. जिना उभा आणि अरुंद आहे. दोन वर्षांपूर्वी तो चढताना तिचे गुडघे धरायला लागले. तीन पायऱ्या चढायची, थांबायची, भिंतीला हात लावून पुन्हा तीन. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, दहा किलो वजन उतरवलं तर ऑपरेशन टळेल, नाहीतर गुडघे बदलावे लागतील. ऑपरेशनला ती फार भीत होती. तिच्या थोरल्या बहिणीचं तेच ऑपरेशन बिघडलं होतं, ती आता काठी घेऊन चालते.

"मी कमी करते वजन," ती तिथंच म्हणाली, डॉक्टरांच्या टेबलासमोर. "मले चाकू नाई लावून घ्यायचा."

मी म्हटलं, "मी आहो नं. दर रविवारी वजन करू. माझंही पोट सुटलंच आहे."

तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं. बायकोसाठी वजन कमी करणारा नवरा आमच्या बाजारात दुसरा कोणी नव्हता.

बाथरूमजवळ ठेवतात तसला काचेचा काटा आणला. रविवारी सकाळी चहाच्या आधी वजन. आधी मी, मग ती. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचा. ती ब्याऐंशीवर होती. तिनं भात बंद केला, ज्वारीची एक भाकर आणि वाटीभर भाजी एवढ्यावर आली, सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारायला लागली. मी काय केलं? दुकानात दिवसातून दोनदा आलूबोंडा येतो, तो येत राहिला. रविवारी काट्यावर उभा राहताना मी भिंतीला दोन बोटं टेकवायचो. जरा जोर दिला की किलोभर सहज कमी भरतं.

एकदा ती मागे उभी राहून म्हणाली, "भिंतीचं वजन किती भरलं जी?"

आई हसली. मीही हसलो. भिंतीवरची बोटं मात्र मी काढली नाहीत.

पाच आठवड्यांत ती साडेएकोणऐंशीवर आली. एवढ्या काळात तिची पाळी एकदा येऊन गेली होती, पण ती मधल्या वारी, रविवार सुटला होता. त्यानंतरची नेमकी शनिवारी आली.

आमच्या घरात ते चार दिवस बाई मागच्या खोलीत असते. स्वयंपाकघरात यायचं नाही, देवाजवळ जायचं नाही, पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. स्वयंपाक आई करते आणि ताट खोलीच्या दाराशी ठेवते. हे आईचं आहे असं मी लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. आईनं सांगितलं आणि मला ते सोयीचं होतं. त्या दिवसांत तिच्या हातचं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरत नसे. किळस यायची. हा शब्द मी कधी मोठ्यानं उच्चारला नाही, पण होती ती किळसच.

त्या रविवारी ती दाराशी येऊन म्हणाली, "आज राहू द्या नं वजन. पुढच्या रविवारी करू."

"काहून? नियम म्हणजे नियम."

"तब्येत जड वाटून राहिली."

मी काटा खोलीच्या दारापर्यंत नेला आणि पायानं आत सरकवला. ती चढली. एक्क्याऐंशी पॉइंट तीन. एका आठवड्यात जवळजवळ दोन किलो वर.

"काय खाल्लं वं?" मी विचारलं.

"काही नाई खाल्लं. तुमच्यासमोर तं जेवते."

"मंग हे काय हवेनं वाढलं?"

आई स्वयंपाकघरातून बोलली, "अरे, ते मैदानावरून येताना कोपऱ्यावर जिलेबीवाला बसते. मी म्हटलं नाई काही, पण बसते."

"मावशी, मी त्याच्याकडे पाहतसुद्धा नाई," ती म्हणाली. ती माझ्या आईला मावशीच म्हणते. आवाज रडका नव्हता, थकलेला होता.

मी एक वाक्य बोललो, जे मी दुकानात रोज बोलतो. "माणूस खोटं बोलते, काटा बोलत नाई."

काट्यावर आईनं पाणी शिंपडलं. तो वाळेपर्यंत मी हात लावला नाही.

पुढच्या रविवारी वजन आपोआप खाली आलं, एकोणऐंशी. मला वाटलं, रागावलो म्हणून आलं. माझ्या रागाचा गुण आला अशी माझी खात्री झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा ते दिवस, पुन्हा रविवार, पुन्हा दीड किलो वर. या वेळी मी विचारलंसुद्धा नाही. ती आंघोळीला गेली तेव्हा मी मागच्या खोलीत शिरलो. गादीखाली पाहिलं, उशीच्या अभ्र्यात हात घातला, कपाटातल्या साड्या उचलून पाहिल्या. बिस्किटाचा कागद, चिवड्याची पुडी, काहीतरी सापडायलाच हवं होतं. कोपऱ्यात कचऱ्याची प्लास्टिकची बादली होती. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, दोऱ्यानं बांधलेलं. मला वाटलं, सापडलं. मी दोरा सोडून ते उघडलं.

ते काय होतं, हे बायकांना सांगावं लागणार नाही. पुरुषांनाही कळेल. मी ते टाकून दिलं आणि मागे सरलो, तर दारात ती उभी. केस ओले, हातात टॉवेल.

"सापडलं का?" ती म्हणाली.

मी तिच्या अंगाला लागणार नाही असा कडेनं निघालो आणि मोरीत जाऊन तीनदा साबणानं हात धुतले. चौथ्यांदा डेटॉल घातलं. त्या हातांची मला किळस येत होती आणि मला वाटत होतं, ही किळस तिची आहे. आज लिहिताना तीच गोष्ट उलटी होऊन बसली आहे. पंचवीस वर्षं जिच्यासोबत राहिलो तिच्या कचऱ्याच्या बादलीत हात घालणारा माणूस, आणि घातल्यावर तिलाच घाण समजणारा. याहून ओंगळ काय असतं, मला सुचत नाही.

तिसऱ्या महिन्यात तिनं तारीख जवळ आली तसं जेवण अर्ध्यावर आणलं. मला ते कळलं नाही. आईला कळलं असावं, ती बोलली नाही. शुक्रवारी पाळी आली, तेव्हापासून तिनं दाराशी ठेवलेलं ताट तसंच परत करायला सुरुवात केली आणि शनिवारी दुपारनंतर पाणीही घेतलं नाही. पाळीत तिच्या अंगावरून मुळातच फार जातं. रविवारी सकाळी मी काटा सरकवला, ती चढली. अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहा.

"पाह्य!" मी म्हटलं. "मनावर घेतलं तं जमते नं?"

ती हसली. खरंच हसली, मला अजून दिसतं. मग काट्यावरून उतरताना तिनं चौकटीकडे हात नेला, हात चौकटीपर्यंत पोचला नाही. ती दाराच्या कडेवर आपटली. भुवईच्या वर फाटलं. ओठ पांढरे पडले होते. आई ओरडली, "उचल नं तिले, पाहून काय राहिला!" आणि मी क्षणभर, एक पूर्ण क्षण, थांबलो. तिला शिवावं की नाही, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. मग उचललं. पण तो क्षण येऊन गेला, हे मला माहीत आहे.

कपाळाला टाके पडले. टाके घालणाऱ्यानं पाळीचं ऐकून बायकांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन सात. डॉक्टरबाई चाळिशीच्या, बोलायला सडेतोड.

"दोन दिवस जेवण नाही, पाणी नाही, वरून एवढं ब्लीडिंग. काहून केलं असं?"

"वजन करायचं होतं," बायको म्हणाली.

"पाळीत? पाळीत कोणी वजन करतं का? शरीर पाणी धरून ठेवतं त्या दिवसांत. किलो, दीड किलो, कोणाला दोन. ती चरबी नसते, आठवड्यानं आपोआप उतरते. तो आठवडा काट्याकडे पाहायचंच नाही. तुम्हाला कोणी सांगितलं होतं त्या दिवशी वजन करायला?"

मी खुर्चीत बसलो होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. ती आता माझं नाव सांगेल, असं मला वाटलं. सांगावं असंही वाटलं.

"कोणी नाई," ती म्हणाली. "मीच."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्या लिहिल्या. मला तोंड होतं. मी ते उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात तुरीची गाडी आली. पावसाळा होता. मी पोत्यात हात घातला, दोन दाणे दाताखाली फोडले आणि नेहमीसारखा बोललो, "ओल आहे गा मालात. वजन पाण्याचं आहे, मालाचं नाई." समोरचा दलाल भांडायला लागला, ओल मोजायचं मशीन लावा म्हणाला. मी मशीन आणायला वळलो आणि तिथंच गल्ल्याजवळ बसलो. तीस वर्षं मी हेच करतो आहे. कोरड्या दिवसांत भरलेलं पोतं पावसाळ्यात जड भरतं, हे मला हाताला कळतं, दाताला कळतं. त्या पोत्याला मी कधी चोर म्हटलं नाही. त्याच्या आत हात घालून जिलेबी शोधली नाही. जे ज्ञान मी तुरीला लावलं ते बायकोला लावलं नाही.

संध्याकाळी वर गेलो. स्वयंपाकघरात कॅलेंडरसमोर उभा राहिलो. माझे आकडे निळ्या पेनानं मोठे लिहिलेले. तारखांच्या चौकटींत, खाली कोपऱ्यात, पेन्सिलीचं एक-एक बारीक टिंब. महिन्यातून एक. दरवर्षीच्या कॅलेंडरवर अशी टिंबं मी पाहत आलो आणि ती सिलिंडर लावल्याची खूण आहे असं धरून चाललो. विचारलं कधीच नाही. ज्या ज्या आकड्यावर मी तिला खोटारडी ठरवलं, त्याच्याशेजारी तिच्या तारखेचं टिंब होतं.

ती मागच्या खोलीत पडून होती. मी दाराशी नाही, आत जाऊन खाली बसलो. म्हटलं, "चुकलो मी. तू काही खाल्लं नव्हतं."

"ते मले माहीतच होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही चोर म्हटलं, ते चालते. मानसाले राग येते. पण तुम्ही ते पुडकं सोडून पाहिलं नं जी. मी ते माझ्या आईलेही कधी दिसू दिलं नाई."

मी बसून राहिलो. तिनं पाठ फिरवली, झोपली नाही.

पुढच्या महिन्यात, मंगळवारी, ती दुसऱ्या दिवशीच आंघोळ करून स्वयंपाकघरात आली आणि गॅस पेटवला. आई देवाजवळ होती, घंटी हातातच राहिली.

"अवं, तू आत कशी? आज दुसरा दिवस आहे नं तुहा?"

"हाव, मावशी. दुसराच आहे."

"सांग गा तिले काही!" आई मला म्हणाली. "तू उभा काय राहिला?"

बायकोनं चहा गाळला, तीन कप भरले. एक आईच्या बाजूला ठेवला, एक स्वतःचा, आणि तिसरा माझ्यासमोर धरला. तिच्या भुवईवर टाक्यांची लाल रेघ होती.

मी आईला म्हटलं, "राहू दे, आई. डॉक्टरांनी तिले पडून राहू नको म्हटलं आहे." डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. तेव्हासुद्धा मला दुसऱ्याच्या तोंडूनच बोलता आलं.

आईनं तिच्या बाजूचा कप उचलला नाही. मी माझा घेतला.

आणि इथं मला खरं लिहिलं पाहिजे. पहिला घोट तोंडात गेला आणि माझ्या पोटातून ते वर आलं. तेच, जुनं. डॉक्टरांचं ऐकून, तूर पाहून, कॅलेंडर पाहून, खाली बसून माफी मागून झाल्यावरही ते होतं तिथंच होतं. चहा गोड होता, आलं घातलेलं होतं, पंचवीस वर्षं पितो तोच चहा होता. मी तो गिळला. दुसरा घोट घेतला. तोही गिळला. ती ओट्याला टेकून उभी होती आणि माझ्या गळ्याकडे पाहत होती. मी हसायचा प्रयत्न केला, ती हसली नाही.

आता ती एकटीच वजन करते, तिला वाटेल त्या दिवशी, दार लावून. ऑपरेशन अजून टळलेलं आहे. जिना ती आता एका दमात चढते, म्हणजे उतरलंच असणार. किती, ते ती सांगत नाही आणि विचारायचा हक्क माझा नाही. दर महिन्याला त्या दिवसांत ती सकाळी चहा करते, मला देते आणि मी तो संपवेपर्यंत ती तिथून हलत नाही.

मी संपवतो. ती पाहते.