लपलेल्या फायली आणि भाऊबंदांची नावं

"डिस्क फुल." ऐन लग्नसराईत, माझ्या सख्ख्या भावाची पत्रिका सेव्ह करताना कॉम्प्युटरने हे सांगितलं आणि मी कीबोर्डवर हात आपटला. नव्वदच्या दशकात जळगावला बसस्टँडमागच्या एका डीटीपीच्या दुकानात मी ऑपरेटर होते. बापू, म्हणजे माझे वडील, सरकारी दवाखान्यात होते. 'कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या,' असं सकाळीच डॉक्टर म्हणाले होते. बापूंनी एकच मागितलं होतं: लग्नाची पत्रिका डोळ्यांनी बघायची, निमंत्रक म्हणून त्यांचं नाव असलेली.

डिस्क भरली ती आमच्या मालकांमुळे, नानांमुळे. ते एकही जुनी पत्रिका पुसू द्यायचे नाहीत. आमच्याकडे पत्रिकेत झाडून सगळ्या भाऊबंदांची नावं छापावी लागतात. एक नाव गळलं तर तो माणूस मांडवात पाय ठेवत नाही. म्हणून एका लग्नाची यादी पुढच्या लग्नाला कामी येते. पण नानांचं कारण वेगळंच होतं. "माणसांची नावं आहेत ती, ताई. अशी कशी पुसायची?"

"मग बापूंना काय दाखवू? माझं कपाळ?" मी ओरडले.

नानांनी मित्राची एक फ्लॉपी घातली. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारा प्रोग्रॅम होता तिच्यात. त्यासाठी पत्रिका सेव्ह न करताच प्रोग्रॅम बंद करावा लागला, टाइप केलेलं सगळं गेलं. गेलं तर गेलं, पुन्हा करू. बघतो तर आमच्या पत्रिकांच्या जोडीला बरीच जागा लपवलेल्या फायलींनी दाबून ठेवलेली. नुसती आडवीतिडवी अक्षरं न् आकडे, ना नाव ना गाव. पुसायला गेलं की मशीन नकार द्यायचं. नानांना ते कुलूप काढायची कमांड कुणीतरी शिकवली होती.

"नाना, सिस्टिमच्या असतील, हात लावू नका!" मी म्हणतेय तोवर त्यांनी त्या उडवल्यासुद्धा.

"यात कुणाचंच नाव नाही," ते म्हणाले.

जागा झाली. पण मराठीचा प्रोग्रॅम काही उघडेना. त्याचा परवानाच त्या लपवलेल्या फायलींत होता. मी एसटीडी बूथवर धावले, धुळ्याच्या डीलरला फोन लावला. पुण्याहून नवी फ्लॉपी मागवावी लागेल, आठवडा धरा, म्हणाला. आठवडा! बूथमध्येच मला रडू फुटलं. आसपासच्या दुकानांत सगळीकडे पत्रिकांचे ढीग, उद्याशिवाय हात लावायला कुणी तयार नाही. उद्याचं कोण सांगणार होतं मला?

परत आले तेव्हा नाना मान खाली घालून बसले होते. मला त्यांचा इतका राग आला होता की तोंडही बघवत नव्हतं. मग ते उठले, माळ्यावरून ब्रश काढला. कॉम्प्युटर घेण्याआधी ते पाट्या रंगवायचे. वधूवरांची नावं, तिथी, मुहूर्त त्यांनी हाताने लिहिलं. मी खिळ्याला टांगलेली चुलत भावाच्या पत्रिकेची जुनी बटरपेपरची प्रिंट काढली, ब्लेडने नावांचा ठोकळा कापला आणि चिकटवला. त्यातलंच बापूंचं नाव उचलून निमंत्रकाच्या जागी लावलं.

दवाखान्यात बापूंनी तो कागद छातीवर धरला. "बठ्ठा शेतस ना?" त्यांनी विचारलं. सगळे आहेत, मी म्हटलं. त्यांचं बोट एकेका नावावरून सरकत गेलं आणि पहिल्याच ओळीत परत येऊन थांबलं. तिथे आबांचं नाव होतं, बापूंच्या थोरल्या भावाचं. आबा मागच्या वर्षी वारले होते आणि जुन्या प्रिंटमध्ये नावाआधी 'कै.' कुठून असणार? अरे देवा! भाऊबंद जीव घेतील. मी पर्समधून ब्लेड काढलं.

बापूंनी माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता. "ऱ्हाऊ दे. मन्हा भाऊ शे तो."

पत्रिका तशीच छापली. वाटायच्या आधीच बापू गेले, लग्न पुढे गेलं. नवी छापायची ऐपत नव्हती, म्हणून गठ्ठा पुढ्यात घेऊन मी एकेका पत्रिकेवरची तारीख खोडली आणि वर नवी लिहिली. काका म्हणाले, पेन हातात आहेच तर आबा आणि बापू, दोघांच्या नावाआधी 'कै.' लिहून टाक.

मी फक्त तारीख बदलली.