प्लॅस्टिकच्या गवताखालचे खळे

बद्रीनाथअण्णा आमच्या शेजारच्या बंगल्यात राहायला आले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. धावड्याला, त्यांच्या गावी, पत्नी दुर्गाबाई वारल्या, शेती धाकट्या भावाकडे गेली आणि मुलगा धर्मराज त्यांना जालन्याला घेऊन आला. धर्मराजचा बियाण्यांचा घाऊक व्यापार. घरात कशाची उणीव नव्हती. अण्णांना फक्त हाताला काम हवे होते. बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मेथी, कांद्याची पात आणि थोडी वांगी लावली. मी पतसंस्थेत जायला निघालो की भिंतीवरून एक जुडी पुढे येई.

"घ्या काकासाहेब. घरची हाये."

पुण्याला बैठकांना जाता जाता धर्मराजला गोल्फचा नाद लागला. जालन्यात तो खेळायचा कुठे? म्हणून २००७च्या उन्हाळ्यात त्याने त्या मागच्या जागेत कृत्रिम गवत बसवायचे ठरवले. अख्खा खेळ नव्हे; चेंडू काठीने हळूच ढकलून खड्ड्यात घालायचा, तेवढ्या सरावापुरती हिरवळ.

अण्णा माझ्याकडे आले. "तुमचं ऐकतो तो. एक कोपरा भाजीला राहू दे म्हणावं."

मी गेलो. धर्मराजने चहा मागवला. "काका, परवाच अण्णांना तिथं चक्कर आल्ती. उन्हात वाकून बसतात. काही झालं तर गाव मलाच नावं ठेवील." त्यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते. चहा पिऊन मी परत आलो.

गवत पुण्याहून येणार होते. खालची जमीन आपणच तयार करून ठेवायची होती. पुण्याच्या माणसाने धर्मराजला फोनवर सगळे समजावले होते: खाली खडी, वर दगडाची बारीक कच, पाणी झिरपून गेले पाहिजे. पण खरिपाच्या बियाण्यांची ती धांदल. धर्मराज गाडीत बसता बसता वडिलांना एवढेच म्हणाला, "अण्णा, जमीन सपाट आणि टणक करून घ्या. मजुरीला रामकिसनला बोलावलंय. तुम्ही खुर्ची टाकून लक्ष ठेवा."

त्याच संध्याकाळी अण्णांनी आपली मेथी आपल्या हाताने उपटली. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी आले, तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"काय चाललंय अण्णा?"

"खळं करून राह्यलो."

सपाट आणि टणक म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरे काय येणार? जन्मभर ज्वारीच्या मळणीसाठी दरवर्षी त्यांनी तेच केले होते. माती भिजवायची, भुसकट मिसळायचे, बैल फिरवून तुडवायची आणि वर शेणकाला द्यायचा.

"बैल कुठून आणू अण्णा?" रामकिसनने विचारले.

"तूच फीर गोल. खाण्यात तर बैलाला मागं सारतो."

रामकिसन हसत हसत फिरला. खुर्ची बाजूला पडून राहिली. शेवटचा शेणाचा हात अण्णांनी स्वतः फिरवला. पुण्याची माणसे गवताच्या गुंडाळ्या घेऊन आली, तर त्यांना काठावरच अडवले.

"बूट काढा. खळ्यावर पायताण चालत न्हाई."

त्यांनी मुकाट्याने काढले. एकाने विचारले, "खाली खडी आहे ना आजोबा?"

"टाच मारून पाहा की. दगड हाये दगड."

त्याने टाच मारली. त्यांना पुढे दुसरीकडे जायचे होते. संध्याकाळपर्यंत गवत चिकटवून ते निघून गेले.

त्यानंतरचे काही दिवस अण्णांचे फार चांगले गेले. सकाळी अनवाणी पायांनी ते हिरवळ झाडून काढत. धर्मराज खेळे, तेव्हा खड्ड्यातला चेंडू काढून देत.

"बसलं का बराबर?"

"एकदम बराबर, अण्णा."

एका रविवारी धर्मराजने व्यापाऱ्यांना जेवायला बोलावले. मलाही बोलावणे होते. गवतावर धूळ दिसत होती, म्हणून दुपारी अण्णांनी पाइप लावून ते मनसोक्त धुतले. वरून ते हिरवेगार दिसू लागले. खालच्या पाण्याला मात्र जायला वाट नव्हती.

पाहुणे आले. अण्णा पायरीवर उभे होते. "बूट तेवढे..."

"राहू द्या अण्णा," धर्मराज म्हणाला.

पहिल्याच पावलाला पच्च असा आवाज झाला. गवताच्या पात्यांतून पिवळट पाणी वर आले आणि शेणाचा वास सुटला. धर्मराजने चेंडू ढकलला. तो हातभर जाऊन थांबला.

"धर्मराजशेठ, खाली म्हशी बांधल्या का?" एक जण म्हणाला. सगळे हसले. अण्णाही हसले. मग त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले. माझ्या हातात ताट होते. मी जेवत राहिलो.

धर्मराज अण्णांना एका शब्दाने बोलला नाही. पुण्याची माणसे पुन्हा आली, गवत सोलून काढले, खळे फोडले, खडी भरली. अण्णांची खुर्ची घरच्यांनी पुढच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "खळ्यात पाणी मुरू नये म्हणून जन्म गेला. मुरू द्यायचं असतं, हे कोणी सांगितलंच न्हाई."

"चूक तुमची नाही अण्णा."

"तसं असंल. पण धर्म्याला इचारा, निदान झाडायला तरी देतो का."

मी विचारले. धर्मराज म्हणाला, "काका, आता त्याला माणूस ठेवलाय. अण्णांनी आराम करावा, एवढंच म्हणणं आहे माझं."

हे उत्तर घेऊन व्हरांड्यात जाणे मला जड गेले. तरी गेलो आणि सांगितले.

"माणूस ठेवला का?" अण्णा म्हणाले. "मंग बरं झालं."

तेवढ्यात तोच माणूस खराटा घेऊन मागे जायला आला. वाट अरुंद होती. अण्णांनी पाय आत घेतले आणि तो जाईपर्यंत तसेच धरून ठेवले.