काहूनची वही

मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला. लोकसंख्येची घनता हा माझा हातखंडा विषय. फळ्यावर जगाचा नकाशा टांगायचा, ऑस्ट्रेलियावर छडी ठेवायची आणि सांगायचं, "बघा, इथे माणूस शोधावा लागतो." आता माझा मुलगा अभिनव तिथेच, मेलबर्नला असतो. नवरा-बायको दोघंही चांगले कमावतात आणि भाड्याच्या घरात राहतात. घर घेणं परवडत नाही म्हणे. एवढ्या मोकळ्या देशात? मी फोनवर त्याची यथेच्छ थट्टा केली. तो म्हणाला, "बाबा, जमीन आहे, पण जिथे नोकऱ्या आहेत तिथे बांधू देत नाहीत. आणि जी घरं आहेत ती लोक राहायला कमी आणि ठेवायलाच जास्त घेतात."

"मूर्ख आहेत लेकाचे," मी म्हणालो.

हे मी कोथरूडच्या घरात बसून म्हणालो, तेव्हा माझ्याच कपाटात सोलापूर रस्त्यावरच्या, लोणी काळभोरच्या अलीकडच्या एका फ्लॅटची कागदपत्रं होती. सात वर्षं कुलूपबंद असलेल्या माझ्या फ्लॅटची. ते मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. ज्यांनी आठवण करून दिली त्या सत्यशीलाबाईंबद्दल मला सांगायचं आहे.

सत्यशीलाबाई मूळच्या वाशिमकडच्या. नवरा महिपती एका कारखान्यात पाळीवर कामाला, मुलगी नम्रता बारावीला. माझा फ्लॅट ज्या इमारतीत आहे तिला बारा मजले, अठ्ठेचाळीस घरं. त्यातल्या बावीस घरांत कोणी राहत नाही. त्या बावीस घरांच्या किल्ल्या सत्यशीलाबाईंकडे असतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक घर उघडायचं, खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे, नळ सोडायचे. नळ सोडले नाहीत तर मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि घाण वास वर येतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दसऱ्याला त्या बावीस दारांना झेंडूचं तोरण लावायच्या आणि प्रत्येक मालकाला फोटो पाठवायच्या. एका वर्षी मी फोटो बघून "तोरण जरा तिरकं आहे" असं कळवलं होतं. त्यांनी सरळ करून दुसरा फोटो पाठवला. माझ्यासारख्या माणसाला पुण्यात चोखंदळ म्हणतात. बाहेर काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांचा फोन आला. "सर, तुमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे का?"

"नाही हो. अभिनव आला की लागेल."

"बरं सर," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं.

आमच्या हिने आतून विचारलं, "अहो, कोणासाठी विचारत होत्या त्या?"

"असेल कोणी."

"म्हणजे विचारलं नाहीत तुम्ही."

मी विचारलं नव्हतं. हिने त्यावर काही बोलायचं टाळलं, आणि हिने बोलायचं टाळलं की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. शेवटी डिसेंबरात, गळतीचं निमित्त काढून मी फ्लॅटवर गेलो.

बाई तिथेच होत्या. खिडक्या उघडून गाद्यांना ऊन देत होत्या. न वापरलेल्या गाद्यांना! फोन खिडकीच्या कट्ट्यावर स्पीकरवर ठेवलेला, त्यातून एका म्हाताऱ्याचा आवाज येत होता. "बाई, एकतीस तारखेला जेसीबी येनार हाय. भावांनी सह्या केल्या, माझं कोन ऐकतंय? दुसरं बघा कुटं तरी."

तो सोनबा. जवळच्या गावात त्याच्या आणि भावांच्या सामाईक जागेवर बारा खोल्यांची रांग होती, त्यातली एक सत्यशीलाबाईंची. गाव महापालिकेत आलं, जागेला भाव आला, भावांनी ती बिल्डरला दिली. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. बाराच्या बारा कुटुंबं एकाच वेळी खोली शोधायला लागल्यामुळे आसपासची भाडी दीडपट झाली होती. लांब जावं तर नम्रताचं कॉलेज सुटतं, आणि फेब्रुवारीत तिची परीक्षा.

म्हणजे त्या स्वतःसाठी विचारत होत्या. मी खुर्ची ओढली. खुर्च्यांवर प्लास्टिक होतं, तरी बसलो.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही, सर," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. साधं उत्तर होतं, म्हणून जास्त लागलं.

कट्ट्यावर त्यांची वही होती. कुठल्या घराचे नळ कधी सोडले, कुठला बल्ब गेला, असं सगळं त्यात लिहिलेलं. मी चाळत शेवटच्या पानांवर आलो. वर ठळक अक्षरात 'काहून?' आणि खाली घरांचे नंबर. त्यांच्याकडे 'का' असं विचारायचं झालं की 'काहून' म्हणतात. बाईंनी बावीसही मालकांना फोन केले होते, घर भाड्याने द्यायचं का म्हणून विचारलं होतं आणि मिळालं ते उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

एकाने सांगितलं होतं, भाडेकरू राहून गेला की विकताना कोरं घर म्हणून भाव मिळत नाही. दुसऱ्याला भाडं म्हणजे कटकट वाटत होती, किंमत तर बसल्या जागी वाढते आहे. एकाला भाडेकरू घर सोडणार नाही ही भीती. दोन भावांचा वाद कोर्टात, म्हणून कुलूप. एका गृहस्थांनी तर उलट विचारलं होतं, "कुठला फ्लॅट? तुमच्याकडचा की वाघोलीचा?" बाईंनी तेही इमानदारीने लिहिलं होतं. एकतीस वर्षं शिकवलेल्या पाठ्यपुस्तकांत असं पान मला भेटलं नव्हतं. शहरात घरं का परवडत नाहीत, यावर परिषदा भरतात, चहापाणी होतं. या सातवी शिकलेल्या बाईने बावीस फोन केले आणि उत्तर काढलं.

सर्वांत खाली बाराशे चार. माझं घर. 'मुलगा आला की लागेल. (सर.)'

मी बाल्कनीत गेलो. समोर तारेची कुंपणं घातलेली मोकळी जमीन पसरली होती. 'ही जागा विकणे नाही' अशा पाट्या, आत गवत. तिचे मालकही कोथरूडलाच कुठेतरी शब्दकोडी सोडवत असतील. मेलबर्नलाही असाच कोणी म्हातारा आपल्या पोरासाठी घर अडवून बसला असेल, आणि माझं पोर भाड्याच्या घरात. मी अभिनवला तिथूनच फोन लावला. त्याला वहीतलं माझं उत्तर वाचून दाखवलं. तो मग म्हणाला, "बाबा, मी परत येणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

होतं. सात वर्षं होतं.

"या घरात राहायला या," मी बाईंना म्हणालो. त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी सोनबाकडे देतात तेवढंच भाडं मी घेईन असं कबूल करून घेतलं, फुकट राहणार नाही म्हणाल्या, आणि रीतसर करार हवा असं बजावलं. मीही मान्य केलं. अडचण पुढेच होती.

सोसायटीच्या कमिटीने रविवारी सकाळी अकराला बैठक बोलावली. अध्यक्ष महाशय अतिशय सभ्य भाषेत म्हणाले, "सर, आपल्या भावना समजतात. पण कामाला येणारी बाई इथेच राहायला? उद्या सोसायटीचा दर्जा काय राहील?" दुसऱ्या एकाने विश्वासाचा प्रश्न काढला. मी नियमांचं पुस्तक घेऊन तावातावाने उठणार, इतक्यात सत्यशीलाबाई पुढे आल्या. पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे घ्या साहेब. बावीस आहेत, मोजून घ्या. सहा वर्षं झाली, एका घरातला चमचा इकडचा तिकडे नाही झाला. जिला घर भाड्याने देता येत नाही, तिला घराच्या किल्ल्या काहून देता?"

आवाज चढलेला नव्हता. अध्यक्षांच्या सासूबाईंचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याच जुडग्यात होता. त्यांनी किल्ल्यांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. कोणीही जुडगा उचलला नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, फॉर्म भरून द्या." मला त्या क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. या वयात भर बैठकीत उभं राहून खरं बोलायचं धैर्य माझ्यात नाही. नव्हतंही कधी.

नंतर मी त्यांना विचारलं, "जेसीबीची तारीख डोक्यावर, हातात बावीस किल्ल्या. एकदाही वाटलं नाही, चार दिवस गुपचूप राहावं?"

"वाटलं ना, सर," त्या म्हणाल्या. "तीनदा वाटलं. नम्रता सोबत होती, तिच्यासमोर नको, म्हणून नाही केलं."

एकोणतीस डिसेंबरला टेम्पो आला. महिपतीने आणि शेजाऱ्यांनी सामान चढवलं. सोनबा स्वतः गॅसची शेगडी हातात धरून आला होता.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी मी पेढे घेऊन गेलो. लिफ्टमधून बाहेर पडलो आणि सवयीने खिशातली किल्ली काढली. दाराबाहेर तीन जोड चपला होत्या. मी किल्ली परत खिशात टाकली आणि बेल दाबली. आत चिमणीसारखा आवाज झाला. सात वर्षं हे घर माझं होतं आणि त्याची बेल कशी वाजते ते मला माहीत नव्हतं.

"कोण आहे?" आतून नम्रताने विचारलं.



"पाहुणे आलेत म्हणावं," मी म्हणालो.