अडकलेलं वजन आणि सुरगाण्याचे दोन दिवस

जानेवारीतल्या एका शनिवारी धाकट्या भावाचा, दिनेशचा, फोन आला. "ताई, उद्या सुरगाण्याला जाऊ. सोमवारी परत." मी कारण विचारलं. "थंडी आहे, स्ट्रॉबेरी आलीये. अजून काय पाहिजे?"

शनिवारच का, ते आधी सांगायला हवं. दिनेशचं सिन्नरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार तो नाशिकला डायलिसिसला येतो. शनिवारचं झालं की मध्ये दोन दिवस मोकळे मिळतात. आमचा रक्तगट जुळतो, म्हणून माझं एक मूत्रपिंड त्याला द्यायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी मात्र मला आधी वजन उतरवायला सांगितलं, पुढच्या तपासण्या त्यानंतरच. दिवाळीपर्यंत वजन छान उतरलं. मग ब्याऐंशीवर येऊन थांबलं ते थांबलंच. मी रात्रीचं जेवण सोडलं, चालणं दुप्पट केलं. काटा हलला नाही. नाताळच्या सुट्टीनंतर मी काट्यावर उभं राहणंच बंद केलं. चालणंही सुटलं. फोन आला तेव्हा मी दुपारची अंथरुणात होते.

रविवारी सकाळी नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावरून एसटी पकडली. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हा प्रवास स्वस्तात होतो. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पुढे वणीला गाडी थोडी थांबते. तिथे चहा घेऊन ठेवा, नंतर घाट आहे. दिनेशने चहा घेतला नाही. दिवसभरात प्यायचं पाणी, चहा, आमटी, सगळं मिळून त्याला ठरलेलं माप आहे. पिशव्याही मीच उचलल्या, कारण सुया टोचतात तो डावा हात त्याला जपावा लागतो.

बोरगावला आम्ही मुद्दाम उतरलो. सापुताऱ्याच्या रस्त्याला लागून शेतकरी बायका स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडून बसतात. पहिल्याच ठिकाणी घेऊ नका, दोन-तीन जणींकडे चव बघा. लहान आणि गडद लाल फळ जास्त गोड लागतं. दिनेशला केळी, संत्री, नारळपाणी सगळं बंद आहे, पण हे फळ बेताने चालतं. त्याने एकेक करून चार खाल्ल्या. मी नको म्हणाले.

"पोट बिघडलंय का ताईंचं?" विकणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं.

"नाय, डायट हाय," दिनेश त्यांच्याच सुरात म्हणाला.

पुढे सुरगाण्यापर्यंत जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. आमचा मुक्काम मंदाकडे होता. मंदा पूर्वी माझ्याच शाळेत शिकवायची, नंतर बदली घेऊन आपल्या गावी गेली. सुरगाण्यापासून तिचं गाव जवळ आहे. संध्याकाळी तिने तांदळाच्या भाकरी, उडदाची घट्ट आमटी आणि मिरचीचा ठेचा असा बेत केला. दिनेशला आमटी दोनच चमचे वाढली; तिने फोनवर त्याचं सगळं पथ्य विचारून ठेवलं होतं. मी अर्धी भाकरी घेतली.

"एवढ्यावर उद्या डोंगर चढशील?" मंदाने विचारलं.

"कुठला डोंगर?"

तिने दिनेशकडे पाहिलं. तो ताटात बघत होता. बेत त्या दोघांचा ठरलेला होता.

डोंगर फार मोठा नाही. गावाच्या मागून पायवाट निघते, आधी नागलीची, म्हणजे नाचणीची, कापलेली शेतं, मग सागाची विरळ झाडं, वर देवाचं ठिकाण. थंडीत आठच्या सुमारास निघावं. मंदाने फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि ती शाळेत गेली. अर्ध्या वाटेवर दिनेशला धाप लागली. एका सपाट खडकावर आम्ही बसलो. मलाही गरगरत होतं, पण मी ते बोलले नाही.

"ताई, एक सांगायचंय," तो म्हणाला. "मी यादीत नाव नोंदवलंय. बाहेरचं मूत्रपिंड मिळण्यासाठी. तू आता सोडून दे."

"कधी नोंदवलंस?"

"मागच्या महिन्यात."

"म्हणजे मला जमणार नाही असं धरून चाललास."

"तसं नाही. तू सिन्नरला आलीस की माझी बायको ताट वाढते आणि तू पाणी पिऊन उठतेस. चिडतेस, झोपत नाहीस. माझ्यामुळे घरात दोन आजारी झाले. मला ते बघवत नाही. तू मोकळी आहेस."

मला राग आला. सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचा जास्त राग आला. त्याला तिथेच बसायला सांगून मी एकटी वर निघाले. थोडं चढल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून झाडाला टेकून बसले. पोट रिकामं होतं. फडकं सोडलं आणि भाकरी खाल्ली, पूर्ण. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, नाकही वाहायला लागलं. मग उठून माथ्यापर्यंत गेले. तिकडून गुजरातच्या बाजूचे डोंगर एकामागे एक दिसतात. शेंदूर लावलेले दगड आहेत, सावली नाही, पाणी नाही. ते खालूनच न्यावं लागतं. थोडा वेळ बसून खाली आले.

दिनेश त्याच खडकावर होता.

"नाव राहू दे यादीत," मी म्हणाले. "मीही राहते. पण आता जेवून."

"आणि नाही उतरलं वजन तर?"

"तर यादी आहे ना."

तो हसला. उतरताना त्याने माझा हात धरला. आधार नेमका कोण कोणाला देत होतं ते सांगता येणार नाही. दुपारच्या गाडीने आम्ही नाशिकला परतलो.

दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी सुरुवातीलाच ज्यांच्याकडे पाठवलं होतं त्या आहारतज्ज्ञांकडे गेले आणि गेल्या दोन महिन्यांत काय खाल्लं ते सगळं सांगितलं. "रात्रीचं जेवण बंद करायला मी कधी सांगितलं?" त्यांनी विचारलं. शरीर कमी खाण्यावर भागवायला शिकतं, थकवा आला की दिवसभरातली हालचालही नकळत कमी होते, असं त्या म्हणाल्या. डाळ, अंडी, ताक, रात्रीची भाकरी परत आली. नुसत्या चालण्याला वजनं उचलण्याचा व्यायाम जोडला. दहाला दिवा बंद. फेब्रुवारीभर काटा जवळपास तिथेच होता, फक्त मी आता त्याच्यावर उभी राहत होते. मार्चमध्ये तो हलला. उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉक्टरांनी तपासण्यांची चिठ्ठी लिहिली.

एका सहलीने वजन उतरतं असं मी कोणाला सांगणार नाही. सुरगाण्याला जा, थंडीत जा, भूक घेऊन जा. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या डोंगरावर दिनेशने मला सोडवलं, आणि सुटल्यावरही मला द्यायचंच आहे हे मला कळलं. त्यानंतर रोजचा व्यायाम कंटाळवाणा झाला, पण जड वाटला नाही.

तपासण्यांचे निकाल अजून यायचे आहेत. तपासणीसाठी रक्त द्यायला गेले त्या दिवशी दिनेशही सोबत आला होता. परिचारिकेने दात्याच्या तपासणीची चिठ्ठी वाचली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पेशंट कोण?"

"मी," दिनेश म्हणाला. "ही माझी ताई."

"मग ताई, हात पुढे करा."

मी केला.